नाताळात ब्लँकेटं वाटून कोणाचं आयुष्य बदलते का?

सदरवाला
डिसेंबर लागला की आपल्या चर्चच्या मंडळ्यांचं सुरू होते. टेम्पोभर ब्लँकेटं, नागपूरच्या मेडिकलच्या, म्हणजे सरकारी दवाखान्याच्या, बाहेर फूटपाथवर झोपलेल्या पेशंटच्या नातेवाईकांना वाटायची, बॅनर धरून फोटो, आणि तासाभरात सगळे घरी केक खायला. माझं म्हणणं एवढंच की याने रात्र निघते, आयुष्य बदलत नाही. तिथे गडचिरोलीकडून, छिंदवाड्याकडून आलेली माणसं असतात, त्यात सिकलसेलची (हा जन्मापासूनचा रक्ताचा आजार) पोरं घेऊन आलेल्या बाया किती. तिला कोणीतरी बसून सांगायला पाहिजे की त्यावरची हायड्रॉक्सीयुरियाची गोळी डॉक्टरनं लिहून दिली असन तं पोरगं बरं दिसते म्हणून मनाने बंद नको करू, थंडीत जपायचं, पाणी पाजत राहायचं, आणि 2016 च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल पण आहे तं सर्टिफिकेटसाठी अर्ज कर. हे एकदा सांगून होत नाही, ती पुढच्या तारखेला येईल तेव्हा तुम्ही तिथे दिसले पाहिजे.

बायबलात लूकच्या 10 व्या अध्यायातला चांगला शोमरोनी घ्या, वाटेत लुटलेल्या परक्या माणसाला मदत करणारा. जखमा बांधल्या, उतारशाळेत नेलं, हे सगळ्यांना पाठ आहे. पण निघताना तो पैसे देऊन म्हणतो की जास्त लागले तं मी परत येईन तेव्हा देईन. या परत येण्यावर कोणी प्रवचन करत नाही.

मोहननगरची मावशी
बेटा, जानेवारीतल्या रात्री त्या फूटपाथवर एकदा झोपून दाखव, मंग बोल ब्लँकेटवर. आमच्या महिला मंडळातल्या बाया घरखर्चातून वाचवून पैसे देतात, कोणाचे गुडघे गेले, कोणाला दिसत नाही नीट, त्या काय तुझ्यासारख्या ओपीडीच्या लाइनीत उभ्या राहणार? आणि शास्त्रच काढलं तं लूकचाच 17 वा अध्याय वाच. दहा कुष्ठरोगी बरे झाले, आभार मानायला एकच परत आला. बाकीच्या नवांच्या मागे प्रभू गेला नाही फॉलोअप घ्यायला. एकदाच भेटला, तरी बरंच केलं ना?

पाळकाचा पोरगा
मला दोघांचंही पटत नाही. ब्लँकेट काय न् सर्टिफिकेट काय, दोन्ही इथेच राहते. ख्रिस्ती म्हणून कायमचा फरक म्हणता आणि ख्रिस्ताचंच नाव घ्यायला लाजता, मंग आपल्यात न् एखाद्या एनजीओत फरक काय राहिला? मत्तय 5:16 मध्ये तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या असं स्पष्ट आहे. मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये स्कॉटलंडहून नागपुरात आला तो सुवार्तेसाठी आला, शाळा त्याच्या मागून आली. सुवार्ता काढून टाका, तो इकडे आलाच नसता.

इंदोऱ्याचा
मी ख्रिस्ती नाही, बौद्ध आहे, पण हिस्लॉपचं नाव निघालं म्हणून लिहून राहिलो. भाऊ, तो कशासाठी आला ते तुमचं बरोबर आहे, पण मागे काय राहिलं ते पण पाहा ना. 1863 मध्ये तो नदीत बुडून गेला, गोंडांबद्दल जे टिपून ठेवलं होतं ते 1866 मध्ये छापून आलं, आणि 1883 पासून त्याच्या नावाचं कॉलेज चालू आहे जिथे सगळ्या जातीधर्माची पोरं शिकून निघाली. धर्म त्यांनी बदलला नाही, पण आयुष्य तं बदललंच ना?

आणि दुसरं, जरा कडू वाटन. ज्याचं पोरगं आत अ‍ॅडमिट आहे त्याच्या हातात पत्रक देऊ नका. तो नाही म्हणू शकत नाही. 1956 मध्ये आमचे लोकं दीक्षाभूमीवर आपल्या पायाने चालत गेले, ब्लँकेटच्या लाइनीत उभं राहून नाही. धर्म असा ताठ उभं राहून घ्यायची गोष्ट आहे असं मला तरी वाटते.

जरीपटका एक्सप्रेस
सगळं गोड बोलून शेवटी कन्व्हर्जनच. सुप्रीम कोर्टाने 1977 लाच सांगितलं आहे की प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क येत नाही.

पाळकाचा पोरगा
हाव, आणि त्याच निकालात आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगायचा हक्क आहे असंही म्हटलं आहे, ते काहून गाळलं? मी कोणाला आमिष दाखवा म्हटलं नाही. विचारलं तं सांगा, न विचारता पण एकदा सांगा, बस.

इंदोऱ्याचा भाऊ, वॉर्डात पत्रक नको हे तुमचं मान्य. पण गरीब माणसाला काही कळत नाही, त्याला फक्त ब्लँकेट दिसते, असं जे सगळे धरून चालले ना, तो पण अपमानच आहे त्याचा. त्याला बरोबर समजते कोण कशाला आलं ते.

सदरवाला
न विचारता सांगायची गरजच पडत नाही हे माझं म्हणणं आहे. तुम्ही एकाच बाईला महिनोन् महिने भेटत राहिले, रक्त लागलं तेव्हा डोनर शोधायला पळाले, तं ती स्वतःच विचारते की दादा तू काहून येते, तुला काय मिळते? तेव्हा मी सांगतो, न लपवता सांगतो. तिला पटलं तं पटलं, नाही तं पुढच्या तारखेला मी तसाच हजर. ब्लँकेट देऊन पळणाऱ्याला हा प्रश्न कोणी विचारत नाही कारण तो थांबतच नाही. आणि मावशी, दहा कुष्ठरोग्यांचं म्हणाल तं प्रभूचा एक शब्द पुरत होता, आपला पुरत नाही, म्हणून आपल्याला परत जावं लागते.

मोहननगरची मावशी
उत्तर चांगलं शोधलं, पण ब्लँकेटं आम्ही यावर्षी पण वाटणार आणि फोटो पण काढणार, ज्या बायांनी पैसे दिले त्यांना पाहायचं असते. तुझ्या त्या तरुण संघाच्या ग्रुपवर वेळापत्रक टाक बरं, मे महिन्यात पारा 45 च्या वर जाते तेव्हा दर मंगळवारी मेडिकलला कोण कोण जाणार त्याची नावं लिही. डिसेंबरात तं सगळेच शोमरोनी असतात.