भूकंपात गरीब देशच का मरतात? मला हे कारण पटत नाही

माजिवडेकर:
आमच्या बिल्डिंगने तिशी ओलांडली, पालिकेची स्ट्रक्चरल ऑडिटची (म्हणजे बिल्डिंगची मजबुती तपासून घ्यायची) नोटीस आली, त्यावर मीटिंगमध्ये एक काका म्हणाले भूकंपाबिंपाचं काय घेऊन बसलात, तो हैती-नेपाळसारख्या गरीब देशांचा प्रॉब्लेम, आपल्याला गळती बंद करायचीय. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मला म्हणायचंय की गरिबी हे सांगायला सोपं कारण आहे. २००३ चा डिसेंबर घ्या, २२ तारखेला कॅलिफोर्नियात ६.५ चा भूकंप झाला, दोन माणसं गेली. चारच दिवसांनी इराणमध्ये बाम शहरात ६.६ चा, जवळपास २६ हजार गेले. आता इराण काय भिकारी देश आहे का, तेलावर बसलाय. तुर्कस्तानात १९९९ ला १७ हजार मेले, नियम कडक केले, आणि मग २०१८ मध्ये सरकारनेच दंड भरून घेऊन बेकायदा बांधकामं माफ केली. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे ५० हजारांवर माणसं गेली. पैसा होता, तपासणारा नव्हता. आपल्याकडेही २०१५ पर्यंतची अनधिकृत बांधकामं नियमित करायची सोय आहेच की.

दिव्यातली_एक:
अहो माजिवडेकर, ऑडिटवर भांडायला आधी सोसायटी लागते. आमच्याकडे इथे ठाण्याजवळ दिव्यात सोसायटी नाही, ओसी (पालिकेचा राहायला परवानगीचा दाखला) नाही, बँक लोन देत नाही म्हणून लोकांनी गावची जमीन विकून, दागिने मोडून रोख पैसे देऊन खोल्या घेतल्यात. घरपट्टी मात्र येते हं, लाईटचं मीटर पण लागतं. तपासणारा नाही म्हणता, तपासणाऱ्याने खरंच तपासलं तर आम्ही रस्त्यावर, ते बघा आधी. शीळफाट्याची बिल्डिंग विसरलात का, ४ एप्रिल २०१३, सात मजले, बांधकाम चालू असतानाच आत लोक राहत होते, ७४ गेले. भूकंप नव्हता. तिथे राहायला जाणाऱ्याला कळत नव्हतं असं वाटतं तुम्हाला? परवडत होतं म्हणून गेले.

उगाचच:
दोघंही भूगर्भ विसरताय. बामचा भूकंप शहराच्या जवळपास खालीच होता, कॅलिफोर्नियातला विरळ वस्तीत. ६.५ आणि ६.६ शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही. हैतीचंही तेच, पोर्ट-ओ-प्रिन्सपासून २५ किलोमीटर, आणि तिथे अडीचशे वर्षांत मोठा हादरा नव्हता. कोणता देश असल्या गोष्टीसाठी खर्च करून बसेल?

माजिवडेकर:
अंतराचा मुद्दा मान्य, पण तो पुरत नाही. हैती जानेवारी २०१०, ७.० चा, मृतांचा आकडा कोणी लाख धरतं, सरकार तीन लाखांच्या वर सांगतं. दीडच महिन्याने चिलीत ८.८ चा, म्हणजे साधारण ५०० पट ऊर्जा, भले समुद्रात असेल पण कॉन्सेप्सिऑन शहर चांगलंच हललं, आणि त्सुनामी धरून मृत सव्वापाचशेच्या आसपास. चिलीत इमारतीच्या सांगाड्यात दोष निघाला तर विकणाऱ्यावर दहा वर्षं जबाबदारी असते. आपल्याकडे ताबा मिळाल्यावर बिल्डरचा फोन लागतो का बघा.

सेंट्रिंगवाला (ऐरोली):
साइटवर पंधरा-वीस वर्षं काढली, थोडं बोलतो. भूकंपाला टिकणारी बिल्डिंग म्हणजे काहीतरी सोन्याची असते असा समज आहे. कॉलमच्या उभ्या सळ्यांना आवळणाऱ्या रिंगा बीमच्या सांध्याजवळ कमी अंतरावर बांधायच्या आणि रिंगेची टोकं १३५ अंशात आतल्या काँक्रीटमध्ये वाकवायची. फिटर ९० मध्येच वाकवून मोकळा होतो कारण ते पटकन होतं, आणि हादरा बसला की सळ्यांवरचं काँक्रीटचं कव्हर उडतं, रिंग उघडते, सळ्या फाकतात. यात जास्तीचं लोखंड किती जातं हो? खरं जातं ते लक्ष. मुकादमाला बिल लवकर हवं, इंजिनिअर स्लॅबच्या दिवशी येतो, फोटो काढतो, जातो. टॉवरमध्ये निदान कन्सल्टंट असतो, त्यामुळे दिव्याच्या ताईंचंही चूक नाही, पण भुजच्या वेळी २००१ ला अहमदाबादेत फ्लॅटच्या बिल्डिंगा पडल्या त्या झोपडपट्टीतल्या नव्हत्या, केंद्रापासून दोनशे किलोमीटरच्या वर लांब. खाली पार्किंगला नुसते कॉलम, वर भिंतींचं सगळं वजन, तळमजलाच बसला. आता घोडबंदर रोडला आणि वाशी-नेरुळला खाली पार्किंग किती ठिकाणी आहे ते तुम्हीच मोजा.

औसेकर (सध्या कोपरखैरणे):
आमच्या तालुक्याचं सांगतो. किल्लारी, ३० सप्टेंबर १९९३, आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक दमून झोपलेले, पहाटे चारच्या सुमारास झालं. ६.२ चा फक्त. जवळपास १० हजार माणूस गेलं. आता ऐका, जास्त मेले ते दगडी वाड्यातले, पाटील, सावकार. दोन-अडीच फुटाच्या दगडमातीच्या भिंती, आत-बाहेर दोन थर वेगवेगळे आणि दोघांना बांधणारा आरपार दगड नाही, वर माळवदाची, म्हणजे सपाट छपराची माती, दर पावसाळ्याआधी थर वाढवलेला. झोपडीत, कुडाच्या घरात राहणारे बरेचसे उठून बाहेर आले. उन्हाळ्यात गार राहतं म्हणून ज्याने पैसे घालून जाड घर बांधलं तो गेला. तेव्हा गरीब-श्रीमंत हे गणित आम्हाला सांगू नका. आणि त्या वेळच्या भूकंपाच्या नकाशात लातूर सगळ्यात सुरक्षित पट्ट्यात होतं, पहिल्या. २००२ च्या नकाशात तिसऱ्यात आणलं, आणि त्यात ठाणे-मुंबईही तिसऱ्यातच.

दिव्यातली_एक:
औसेकर दादा, वाचून काटा आला. पण कुडाचं घर एका मजल्याचं होतं. आज गरीब माणूस पाच-सात मजल्यांच्या काँक्रीटमध्ये राहतो, वजन तुमच्या वाड्याचं आणि ताकद कुडाची.

उगाचच:
हे बरोबर बोललात. त्यात नवी मुंबईत बराच भाग खाडीत भराव घालून केलेला, खाली मऊ चिखल. २०२५ च्या मार्चमध्ये म्यानमारला ७.७ झाला आणि बँकॉकमध्ये, हजार किलोमीटरवर, बांधकाम चालू असलेली उंच इमारत खाली आली, तीही सरकारी ऑडिट खात्याची! मऊ जमीन लांबचा हादरा वाढवते, १९८५ ला मेक्सिको सिटीत तेच झालं.

माजिवडेकर:
मग तर माझाच मुद्दा झाला ना, तपासा.

दिव्यातली_एक:
तपासा हो, पण अतिधोकादायक ठरवून बाहेर काढलं तर तुमच्या सोसायटीला बिल्डर भाडं देतो आणि नवा फ्लॅट देतो. आम्हाला नोटीस मिळते. क्लस्टरमध्ये, म्हणजे अख्ख्या वस्तीच्या एकत्र पुनर्विकासात, नंबर कधी लागेल ते नगरसेवकालाही माहीत नाही. तोपर्यंत कुठे राहायचं ते लिहा, मग मी तुमच्या ऑडिटला हो म्हणते.

सेंट्रिंगवाला (ऐरोली):
ताई, ट्रान्झिटचं, म्हणजे तोपर्यंत राहायच्या जागेचं उत्तर माझ्याकडे नाही. एवढं बघा, तळमजल्याच्या कॉलमला उभी चीर आहे का, कोणी गाळा मोठा करायला भिंत किंवा कॉलम छाटलाय का. फोटो टाका, बघून सांगतो. माजिवडेकर, तुम्ही पण टाका, तुमच्या खाली जिम केलीय म्हणाला होतात मागे.

माजिवडेकर:
जिमसाठी दोन भिंती काढल्यात. उद्या टाकतो.