'देवदास'ला सिनेमांनी उगाच मोठं केलंय का?

सांजदिवा
आमच्या वाचन गटात या वेळी शरच्चंद्र चट्टोपाध्यायांची 'देवदास' ही बंगाली कादंबरी होती आणि जोडीला १९५५चा बिमल रॉयंचा आणि २००२चा भन्साळींचा असे दोन्ही सिनेमे बघायचे होते. बऱ्याच जणांनी सिनेमा आधी बघितलेला, कादंबरी आत्ता पहिल्यांदा वाचली, त्यामुळे वाद चांगलाच पेटला. माझं मत मांडते, पटलं नाही तर बिनधास्त सांगा.

मला हादरवलं ते पारोच्या, म्हणजे देवदासच्या बालमैत्रिणीच्या, वयानं. तेरा वर्षांची पोर आहे ती. मध्यरात्री ती त्याच्या खोलीत येते, स्वतःच्या तोंडानं लग्नाचं विचारते, आणि हा आईवडिलांचं नाव पुढे करून कलकत्त्याला निघून जातो, वर तिथून पत्र टाकतो की तुझ्यावर माझं फार प्रेम आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. मग पश्चात्ताप होतो, परत येतो, आणि घाटावर तिनं सुनावल्यावर मासे धरायच्या गळाच्या काठीनं तिच्या कपाळावर मारतो, रक्त येईपर्यंत. २००२मध्ये हाच प्रसंग बघा. पारो नवरीच्या साजात, मारायला दागिना, आणि सगळं इतकं देखणं की मारहाण चक्क शृंगारात जमा झाली. मला हे अजिबात मान्य नाही.

आणि शेवट! कादंबरीत तो पारोच्या सासरच्या दारासमोर झाडाखाली मरतो, प्रेत धड जळतसुद्धा नाही, आणि पारोला कळतं ते सगळं उरकल्यावर. सिनेमात मात्र ती धावतेय, दरवाजा बंद होतोय, पार्श्वसंगीत टिपेला. लेखकानं ज्याला कसलाही थाट दिला नाही त्याचा सिनेमानं हुतात्मा केला.

रानवाट
असहमत. घाटावरचा प्रसंग तुम्ही अर्धाच सांगितलात. मारल्यावर देवदास काय बोलतो? चंद्र इतका सुंदर म्हणून त्याला डाग, तसा तुलाही एक डाग देतो. आणि मग स्वतःच जखम बांधतो. म्हणजे शृंगार भन्साळींनी आणलेला नाही, तो शरच्चंद्रांनीच लिहिलाय, भन्साळींनी फक्त त्यावर दिवे लावले. कादंबरी १९१७ला छापून आली पण लिहिली त्याच्या कितीतरी आधी, लेखक पंचविशीच्या आतबाहेर असताना, आणि तो भाबडेपणा पानापानावर दिसतो. शेवटी तर लेखक सरळ वाचकालाच सांगतो की अशा अभाग्यासाठी प्रार्थना करा. मग हुतात्मा कोणी केला सांगा बरं?

दरवाज्याचंही तेच. पारोला नंतर कळलं हे पानावर दोन ओळीत भागतं, पडद्यावर ती बातमी ऐकतानाचा चेहरा दाखवून काय साधणार? बंद होणारं दार बघितलं की तिची कैद एका क्षणात कळते. कादंबरीतही ती धावत सुटतेच ना, आणि नवऱ्याच्या सांगण्यावरून माणसं तिला धरून आत आणतातच ना?

निळीशाई
दोघांचंही वाचलं. तुम्ही देवदासवरच भांडताय, त्याच्यावर जीव लावणाऱ्या चंद्रमुखी या गणिकेचं कोणी बोलतच नाहीये. कादंबरीत ती आणि पारो एकदाही भेटत नाहीत. १९५५मध्ये पारो पालखीत, चंद्रमुखी पायी, एक नजर आणि संपलं, एक शब्द नाही. मूळ पुस्तकात नसलेला प्रसंग आहे पण पुस्तकाच्या आतूनच आल्यासारखा वाटतो. २००२मध्ये त्याच दोघी दुर्गापूजेत एकत्र नाचतात. नाच अप्रतिम आहे, वादच नाही, पण मग धंदा सोडून खेड्यात जाऊन राहणारी, नंतर त्याला शोधायला परत शहरात येणारी ती एकटी बाई कुठे गेली? वैजयंतीमालांनी १९५५च्या चंद्रमुखीच्या भूमिकेसाठीचं सहाय्यक अभिनेत्रीचं फिल्मफेअर नाकारलं होतं, कारण ही भूमिका पारोच्या बरोबरीची आहे असं त्यांचं म्हणणं. बरोबर होतं त्यांचं.

सांजदिवा
@निळीशाई, पालखीच्या प्रसंगाला शंभर टक्के सहमत.
@रानवाट, चंद्राचा मुद्दा मान्य, पण लेखक ते वाक्य देवदासच्या तोंडी घालतो, स्वतःच्या नाही. मारणारा माणूस असंच बोलतो, आपण जे केलं त्याला सुंदर नाव देतो. कॅमेऱ्यानं तेच नाव उचललं की तो कॅमेरा देवदासचा झाला. प्रार्थनेचंही तसंच, लेखक काय मागतो तर मरताना कपाळावर एक मायेचा हात असावा, एवढंच. कीव वेगळी आणि कौतुक वेगळं.

रानवाट
मग तुमच्या हिशेबानं अनुराग कश्यपचा २००९चा 'देव डी' सगळ्यात प्रामाणिक ठरतो. काळ बदलला, शहर बदललं, देव मरतसुद्धा नाही, पण पारो त्याला तोंडावर सुनावून आपल्या संसाराला लागते आणि कॅमेरा त्याला एकदाही सावरून घेत नाही. चालेल का हे तुम्हाला? कारण मग मूळ कथेशी इमान राखण्याचा मुद्दाच निकालात निघतो.

सांजदिवा
चालेल. घाटावरची पारो मला तिथेच सापडली.