अनुभव धागा: एक्स-रे काढला, पण कळला का?

फिल्म आपण ट्यूबलाइटसमोर धरतो, रिपोर्ट वाचतो, आणि डोक्यात काही शिरत नाही. डॉक्टर 'ठीक आहे' म्हणून पुढच्या पेशंटला बोलावतात. तुम्हाला कोणी नीट समजावलं असेल, तर लिहा. निदान मात्र इथे मागू नका.

दादरकरीण
पुलाच्या पायऱ्यांवर घसरले, तळहातावर पडले. एक्स-रे नॉर्मल. तरी अंगठ्याच्या बुडाशी दाबलं की जीव जायचा, म्हणून डॉक्टरांनी प्लास्टर घातलंच. म्हणाले, "स्कॅफॉइडची, म्हणजे मनगटातल्या अंगठ्याकडच्या छोट्या हाडाची, चीर लगेच दिसेलच असं नाही. दहा-चौदा दिवसांनी परत काढू, तोवर चिरेच्या कडा झिजून ती उघडी पडते." दुसऱ्या फिल्मवर केसासारखी काळी रेघ होती.

लालबागचा जावई
सासऱ्यांच्या ऑपरेशनआधी छातीचा एक्स-रे काढला. वरच्या बाजूला पांढरा डाग. घरात सगळ्यांचे चेहरे उतरले. डॉक्टरांचा एकच प्रश्न : "जुनी फिल्म आहे?" होती! गादीखाली, कडा पिवळ्या पडलेली, गिरणीत असताना टीबी झाला होता तेव्हाची. दोन्ही शेजारी लावल्या. डाग त्याच जागी, तेवढाच. बऱ्या झालेल्या टीबीचा व्रण, त्यात कॅल्शियम साचलेलं. कॅल्शियम किरण अडवतं म्हणून पांढरं, फुप्फुसातल्या हवेतून ते आरपार जातात म्हणून काळं. फिल्म बघताना पेशंट आपल्यासमोर उभा आहे असं धरायचं, म्हणजे आपल्या डाव्या हाताला त्याची उजवी बाजू, हेही तेव्हाच कळलं. घरात फिल्मा जपून ठेवा हो, रद्दीत घालू नका.

ठाण्याची सून
सासूबाईंचे गुडघे. झोपवून काढलेल्या एक्स-रेत सांध्याची फट बरी होती. दुसऱ्या डॉक्टरांनी उभं करून काढायला लावला. अंगाचा भार पडल्यावर आतल्या बाजूची फट जवळजवळ मिटलेली. कूर्चा, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेलं मऊ आवरण, साध्या एक्स-रेत दिसत नाही, मधल्या जागेवरून अंदाज बांधतात. आम्ही वर्षभर नुसतं तेल चोळत होतो.

रात्रपाळी (एक्स-रे टेक्निशियन)
रेडिएशनला घाबरणाऱ्यांसाठी : छातीच्या एका एक्स-रेचा डोस साधारण 0.1 मिलिसिव्हर्ट (रेडिएशन मोजायचं एकक). एरवी निसर्गातून दहाएक दिवसांत तेवढा मिळतोच. सीटी स्कॅनचा मात्र बराच जास्त. दिवस गेले असतील किंवा शंका असेल तर आत येण्याआधी सांगा. आणि "श्वास भरून धरा" म्हटलं की खरंच धरा. अर्धवट श्वासात फुप्फुसं नीट उघडत नाहीत, मग परत काढावा लागतो. मंगळसूत्र सगळ्या काढतात, ब्लाउजची सेफ्टी पिन राहते.