तणावमुक्तीच्या ट्रेनिंगनं मास्तराचा ताण कमी होते का? खरं खरं सांगा

उमरेडरोडवाली मॅडम
परवा तालुक्याला दिवसभर ट्रेनिंग झालं, विषय काय तर शिक्षकांचे ताणतणाव व्यवस्थापन. हॉलमधे कूलर बंद, बाहेर पावसाचा पत्ता नाई, नुसती चिकचिक. साधनव्यक्ती म्हणाले डोळे मिटा, खोल श्वास घ्या. घेतला, अन् तेवढ्यात सगळ्यांचे मोबाईल सोबतच वाजले, "आजच 5 वाजेपर्यंत माहिती सादर करावी, निरंक असल्यास निरंक कळवावे." अर्धा हॉल श्वास आत ठेवूनच मोबाईलमधे घुसला.

माझी शाळा द्विशिक्षकी, पहिली ते पाचवी, सर बीएलओच्या (मतदार यादीच्या) कामावर गेले की पाची वर्ग माझ्याच गळ्यात, वरून पोषण आहाराची रोजची नोंद, युडायस (शाळेची ऑनलाईन माहिती), पोरांच्या आधारमधल्या नावाच्या चुका. ताण तिकडून येऊन राहिला अन् इलाज माझ्या नाकातून करून राहिले. डब्ल्यूएचओनं 2019 मधे बर्नआउटला (कामानं पार थकून जाण्याला) आजार नाई म्हटलं, कामाच्या ठिकाणाशी जोडलेली गोष्ट म्हटलं. मग ठिकाण सुधरवा ना बाप्पा!

काटोल अपडाऊन
मॅडम, पटलं नाई. 24 वर्षं झाली सर्व्हिसला, सिस्टीम सुधरेल म्हणून वाट पाहिली असती तर आतापर्यंत फोटोला हार लागला असता. चार वर्षांपहिले बीपी वाढला, झोप गेली, घरी लेकरांवर विनाकारण ओरडत होतो, वर्गातल्या पोरांवर तर ओरडायचीही ताकद उरली नव्हती. एका रात्री 14416 ला फोन लावला, टेली मानस, मानसिक त्रासासाठी सरकारचीच फुकट लाईन आहे, मराठीत बोलतात, अन् समोरच्या बाईनं शांतपणे ऐकून घेतलं तेवढ्यानंच मी रडलो. तेव्हापासून संध्याकाळी 7 नंतर ग्रुप म्युट अन् अंबाझरी तलावाला एक चक्कर. तुम्ही ज्या श्वासाची मजाक करून राहिल्या त्यानंच मला गोळीपासून लांब ठेवलं (डॉक्टर म्हणतात चालण्यानं, असो).

बिनपगारी फुल अधिकारी
7 नंतर म्युट! आमच्या खाजगी शाळेत म्युट केलं तर दुसऱ्या दिवशी ऑफिसमधे बोलावतात. तुम्हाला सातवा आयोग, आम्हाला 11 हजार, तेही दिवाळीच्या महिन्यात अर्धे. परमनंट लोकांचा ताण पाहून हेवा वाटते.

काटोल अपडाऊन
भाऊ तुमचं खरं आहे, याच्यावर माझ्यापाशी उत्तर नाई.

कलम सत्तावीस
उमरेडरोडवाली मॅडम, ठिकाण सुधरवा म्हणता पण कायदा पाहा. आरटीई (शिक्षण हक्क कायदा) 2009 चं कलम 27 म्हणते शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये, अन् तिथंच जनगणना, आपत्ती अन् निवडणूक सोडून देते. म्हणजे बीएलओवाला दरवाजा उघडाच. पण सुप्रीम कोर्टानं 2007 मधे सांगितलेलं आहे, मतदार यादीचं काम सुट्टीच्या अन् बिनशिकवणीच्या दिवशी घ्या म्हणून. पुढच्या खेपेला ऑर्डर आली की तोंडी बडबड नका करू, एका कागदावर हे लिहून आवकमधे टाका अन् शिक्का मारून पोच घ्या.

वय 49, टीईटी
अन् आमचं काय? सुप्रीम कोर्टाच्या 1 सप्टेंबर 2025 च्या निकालानं रिटायरमेंटला पाच वर्षांच्या वर असणाऱ्यांना दोन वर्षांत टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास व्हाच म्हटलं. पोरगी नीटची तयारी करते, मी टीईटीची, एकच टेबल, एकच लॅम्प. ती मला बालमानसशास्त्राचे प्रश्न विचारते अन् चुकलो की हसते. माझा ताण खरं सांगू तर तिथंच हलका होते, कोणत्या वर्कशॉपमधे नाई.

उमरेडरोडवाली मॅडम
काटोलवाले सर, मजाक तुमची नव्हती, तुमचं वाचून दुपारभर मनातून गेलं नाई. मीही टिकून आहे ते काही माझ्या एकटीच्या दमावर नाई. बाजूच्या अंगणवाडीच्या ताई दुपारी डबा घेऊन येतात, सर असले की तेही बसतात, पंधरा मिनिटं नुसत्या शिव्या देतो सगळ्यांना, मग पोरं बोलवायला येतात. फक्त हे ट्रेनिंगमधे कोणी विचारत नाई. अन् जिथं एकच मास्तर आहे त्यानं शिव्या द्यायच्या कोणाला, भिंतीला?

कलमवाले भाऊ, तो कागद सोमवारी लिहिते. आवकवाले बाबू पोच देतीन का, तेवढं सांगा.

कलम सत्तावीस
नाई देत. स्पीड पोस्टानं पाठवा.