मदत हवी आहे: आई-आण्णांना मालदीवच्या रिसॉर्टवर न्यायचंय, कधी न्यावं आणि कुठली व्हिला घ्यावी?

नमस्कार मंडळी, नाशिकहून लिहितेय. आई-आण्णांना एकदा तरी चांगल्या बीच रिसॉर्टवर चार रात्री ठेवायचंय, मी आणि नवऱ्याने त्यासाठी पैसे बाजूला काढलेत आणि मालदीव पक्कं केलंय. आण्णांची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे, आयुष्यभर घर, बाग आणि मार्केट एवढंच केलं त्यांनी. आईने समुद्र पाहिलाय तो गणपतीपुळ्याला, तो पण दर्शन झालं की लगेच गाडीत बसायचं म्हणून घाईघाईत. मला त्यांना असं ठेवायचंय की आईला उठल्या उठल्या कुणाचा चहा टाकायचा नाही, आण्णांना फवारणीवाल्याचा फोन नाही, नुसतं पाण्याकडे बघत बसायचं दोघांनी.

पण तारखाच जुळत नाहीयेत. मालदीवचा कोरडा सीझन डिसेंबर ते एप्रिल, मे ते ऑक्टोबर नैऋत्य वारे आणि पाऊस. आणि आमचा माल निघतो जानेवारी ते मार्च, तेव्हा आण्णा एक दिवस पण हलणार नाहीत, व्यापारी दारात असतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, मग वेलीवर काडी (फळ धरणारी फांदी) तयार करायचं काम, आषाढीला पंढरपूर (पूर्वी त्र्यंबकहून निवृत्तीनाथांच्या पालखीबरोबर पायी जायचे, आता गुडघ्यामुळे गाडीने जातात पण चुकवत नाहीत), आणि ऑक्टोबरमध्ये परत छाटणी. म्हणजे मोकळे असतात ते ऑगस्टमध्ये, आणि तेव्हा तिकडे पाऊस. इतके पैसे घालून खोलीत बसून पाऊसच बघायचा असेल तर त्यापेक्षा इगतपुरी काय वाईट?

दुसरं म्हणजे वॉटर व्हिला घ्यावी की बीच व्हिला? फोटोत वॉटर व्हिलाच भारी दिसते, मुलीचा पण तोच हट्ट आहे (ती नऊ वर्षांची), पण आण्णांचे गुडघे गेलेत, पायऱ्या उतरताना धरावं लागतं. आईला वणीच्या घाटात सुद्धा गाडी लागते, तर स्पीडबोट झेपेल का? आण्णा माळकरी, आई पण शाकाहारी, एकादशी आली तर दोघांचा उपास. आणि आई कुठेही गेली तरी देव्हाऱ्यातला छोटा बाळकृष्ण बरोबर नेते, तो नेता येईल ना? एजंटने जो रेट सांगितलाय त्यापुढे दोन प्लसच्या खुणा आहेत, त्याचा अर्थ पण कुणीतरी नीट सांगा प्लीज.

गोदाकाठ: ताई, सगळ्यात आधी मूर्तीचं, कारण ते एअरपोर्टवर कळलं तर आईंना फार लागेल. मालदीवच्या कस्टम्स नियमात पूजेच्या मूर्ती आणायला बंदी आहे. बाळकृष्ण घरीच भावाकडे किंवा वहिनीकडे सोपवून जा, आणि आईंना हे आत्ताच सांगा, निघायच्या आदल्या रात्री नको. दारू आणि डुकराच्या मांसाचे पदार्थ पण आत नेता येत नाहीत, तो तुमचा प्रश्नच नाही म्हणा. गुडघ्याची औषधं मूळ पाकिटात ठेवा आणि डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी बरोबर असू द्या.

दोन प्लसचा अर्थ, सांगितलेल्या रेटवर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्याच्यावर तिथला जीएसटी वेगळा. पर्यटनाचा जीएसटी जुलै २०२५ पासून १७ टक्के झालाय. म्हणजे १०० डॉलर लिहिलेत ते हातात येईपर्यंत जवळपास १२९ होतात. शिवाय ग्रीन टॅक्स, रिसॉर्टवर माणशी दर रात्री १२ डॉलर, २०२५ च्या जानेवारीपासून दुप्पट केलाय. तुम्ही पाच जण चार रात्री म्हणजे २४० डॉलर निव्वळ तेवढेच. एजंटकडून सगळं धरून एकच आकडा लेखी घ्या, आणि त्यात माले एअरपोर्ट ते रिसॉर्ट जायचा-यायचा खर्च आहे का ते विचारा, बरेचदा तोच बाहेर ठेवलेला असतो आणि ती रक्कम लहान नसते.

ओझरकर: आमची पण बाग आहे म्हणून तारखांचं सांगतो. माल गेल्यावर खरड छाटणीच्या आधी वेलीला पंधरा-वीस दिवस विश्रांती देतातच की. ह्या वर्षी माल मार्चच्या मध्यात खाली झाला तर मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा हा काळ आण्णांचा आहे, आणि तिकडे पण तेव्हा कोरडा सीझनच असतो, ऊन कडक पण समुद्र शांत. रेट ऑगस्टपेक्षा जास्त पडेल, तरी तेव्हाच न्या. पावसाळ्यात तिकडे रोज दिवसभर पाऊस असतो असं नाही, सरी येऊन जातात, पण वारा असला की बोट उसळते आणि आईंना गाडी लागते म्हणताय तर तो धोका घेऊ नका. मुलीची परीक्षा कधी संपते ते मात्र तुम्ही बघा.

आणि आण्णा माळकरी आहेत तर एजंटने ऑल इन्क्लुझिव्ह गळ्यात मारलं तर घेऊ नका. त्यात दारूचे पण पैसे धरलेले असतात. फुल बोर्ड घ्या, तिन्ही वेळचं जेवण त्यात येतं. बहुतेक एका बेटावर एकच रिसॉर्ट असतं, बाहेर जाऊन खायची सोय नाही, म्हणून हाफ बोर्ड पण नको, दुपारचं जेवण डॉलरमध्ये फार महाग पडतं. शाकाहारी मिळतंच, तरी बुकिंगच्या वेळीच मेल करून कळवा, अंडं आणि मासळीचा रस्सा चालत नाही असं स्पष्ट लिहा, कारण तिकडे मासळी जेवणात सगळीकडे असते. उपासाचं राजगिरा, खजूर, दाणे इथूनच न्या.

निळं_पाणी: मी जाऊन आलेय सासू-सासऱ्यांना घेऊन. बीच व्हिलाच घ्या. वॉटर व्हिला खांबांवर पाण्यात असते, जेवायला जायला लांब लाकडी पुलावरून चालायचं, आणि पाण्यात उतरायला उभी शिडी, ती ओली असते. बीच व्हिलात दार उघडलं की वाळू. अर्थात मऊ वाळूत पण गुडघ्याला जोर पडतो, म्हणून रेस्टॉरंटच्या जवळची व्हिला मागा आणि बग्गी (बॅटरीवरची छोटी गाडी) मागवत जा, त्यात संकोच कसला. बेटाभोवतीच्या प्रवाळामुळे लाटा बाहेरच फुटतात, आत लगूनमध्ये पाणी शांत आणि कमरेएवढं असतं, आईंना हात धरून नक्की उतरवा. पायात रबरी बूट घाला, प्रवाळ कापतं, आणि त्यावर पाय देऊन ते मरतं पण.

लांबच्या बेटांवर सीप्लेनने (पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने) नेतात. ते फक्त उजेडात उडतं, दुपारी साडेतीनच्या आत मालेला उतरलं पाहिजे, नाहीतर रात्र तिथेच काढावी लागते. आत नेता येणारं सामान पण मोजकंच, साधारण वीस किलो आणि हातातलं पाच. त्यापेक्षा तुम्ही मालेच्या जवळच्या अटोलमधलं (प्रवाळ बेटांच्या कड्यातलं) रिसॉर्ट बघा, स्पीडबोटने अर्ध्या-पाऊण तासात पोचाल, आईंना निघायच्या आधी गोळी द्या आणि मागच्या बाजूला बसवा, पुढे जास्त आपटतं.

व्हिसा मालेला उतरल्यावर फुकट मिळतो, पण निघायच्या आधीच्या ९६ तासांत इमुगाचा (मालदीवमध्ये प्रवेशासाठीचा) फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो, सगळ्यांचा वेगवेगळा. परतीचं तिकीट आणि बुकिंगची प्रिंट आण्णांच्या हातात पण एक ठेवा.

मूळ धागाकर्ती: सगळ्यांचे मनापासून आभार. मार्चअखेरचं तर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आण्णांशी रात्री बोलले, "माल गेला तर बघू" म्हणाले, आणि त्यांच्या तोंडून बघू म्हणजे निम्मं जमलं. बाळकृष्णाचं आईला सांगितलं, थोडा वेळ गप्प होती, मग वहिनीला रोजचा नैवेद्य कसा दाखवायचा ते समजवायला लागली.

आता एकच. मुंबईहून सकाळचं विमान घ्यायचं तर नाशिकहून रात्रीच निघावं लागेल. समृद्धीने इगतपुरी ते आमणे पटकन होतं पण पुढे भिवंडी-ठाण्यात पहाटे किती वेळ धरायचा? की आदल्या संध्याकाळी पंचवटी एक्सप्रेस सोडून दुसऱ्या एखाद्या रेल्वेने जाऊन एअरपोर्टजवळ मुक्काम करावा, आण्णांना रात्रभर गाडीत बसवणं मला पटत नाहीये. अलीकडे कुणी गेलं असेल तर सांगा.