मदत हवी आहे: मॅश्ड पोटॅटोचा दर वेळी कुरडईचा चीक होतोय

नमस्कार मंडळी. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वीच्या पुढे. प्रश्न आलूचा आहे. (तुम्ही बटाटा म्हणत असाल, इथं आलूच.) घरात आता माझं हसू व्हायला लागलंय, म्हणून शेवटी इथं विचारतेय.

मामाजींचे, म्हणजे सासऱ्यांचे, उरलेसुरले दात दिवाळीनंतर काढले. हिरड्या भरून आल्याशिवाय कवळी नाही. तेव्हापासून भाकरी बंद, फल्लीदाणे (शेंगदाणे) बंद. वरण-भात, खिचडी, शिरा आणि दुधात कुस्करलेली पोळी, एवढ्यावर दीड महिना निघाला. परवा ताट सरकवलं आणि म्हणाले, "सूनबाई, नागपूरच्या लग्नात थे पांढरं पांढरं होतं पाय, आलूचं. वरून पोट्टा रश्शाचा डाव टाकून रायला होता. थे कर." त्या लग्नात त्यांनी तीनदा प्लेट भरून घेतली होती, हे आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, मला नंतर सांगितलं.

मोबाईलवर बघून करायला घेतलं. पहिल्या खेपेला एक किलो नवा आलू सोलला, फोडी केल्या, कुकरात पाण्यात बुडवून पाच शिट्ट्या काढल्या. लग्नातलं लोण्यासारखं गुळगुळीत होतं, म्हणून मिक्सरमधून फिरवला. झाकण काढलं तर आत कुरडईचा चीक! चमचा वर उचलला की तार लागते, गोळा चमच्याला सोडत नाही. आत्याबाईंनी वाकून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "साचा आणू का?"

दुसऱ्या खेपेला बाजारातून जुना आलू आणला, कोल्ड स्टोरेजचा, स्वस्त मिळाला. पावभाजीच्या स्मॅशरनं हातानंच कुस्करला. चीक झाला नाही, पण गुठळ्या राहिल्या आणि चव गोड, रताळ्यासारखी. वर मी फ्रिजमधलं गार दूध ओतलं, तेही वेगळं पडल्यासारखं दिसत होतं. तिसऱ्या खेपेचं सांगत नाही, ते म्हशीनं खाल्लं.

तर चिकट का होतंय, गोड कशानं लागतंय आणि किलोला लोणी-दूध किती घालायचं, ते सांगा. वरून काय घालायचं तेही. ओव्हन नाही. क्रीम, चीज गावात मिळत नाही. पण घरची म्हैस आहे, त्यामुळे साय, लोणी, तूप यांना तोटा नाही. सांबार (म्हणजे कोथिंबीर) आणि कांद्याची पात वावरातली, तुरीचे सोले (ओले दाणे) चालू आहेत. अडचण एवढीच की मामाजींना कुरकुरीत काही चावत नाही आणि पोरांना कुरकुरीत असल्याशिवाय चालत नाही. तिखट मात्र सगळ्यांना लागतं.

पाटावरवंटा

ताई, गुन्हेगार मिक्सर आहे. शिजलेल्या बटाट्याच्या पेशींमध्ये फुगलेला स्टार्च कोंडलेला असतो. हलक्या हातानं दाबलं की पेशी एकमेकींपासून सुट्या होतात, फुटत नाहीत, म्हणून मऊ लागतं. मिक्सरचं पातं त्या पेशीच चिरतं, सगळा स्टार्च बाहेर येतो आणि त्याची खळ होते. कुरडईसाठी आपण गहू भिजवून, वाटून हेच तर करतो. तुमच्या सासूबाईंचं निदान शंभर टक्के बरोबर आहे.

गुळगुळीत हवं असेल तर पुरणयंत्र काढा. फ्रान्समध्ये या कामाला हातानं फिरवायचं जे यंत्र वापरतात, ते जवळजवळ आपलं पुरणयंत्रच. जोएल रोबुशाँ नावाचा फ्रेंच शेफ होऊन गेला, त्याचं बटाट्याचं प्युरे जगभर गाजलं. तो बटाटे सालासकट उकडायचा, यंत्रातून काढायचा, भांड्यात परतून त्यातलं पाणी उडवायचा आणि किलोला पाव किलो लोणी जिरवायचा. हो, 250 ग्रॅम. रोजच्या घरात 100 ग्रॅम लोणी आणि दीड-दोनशे मिली दूध पुरे होतं.

क्रम महत्त्वाचा. बटाटे अख्खे, सालासकट, गार मिठाच्या पाण्यात टाकून मग गॅस लावा. उकळत्या पाण्यात टाकले तर बाहेरून फुटतात आणि आत कच्चे राहतात. तुमच्या गुठळ्या बहुतेक कच्च्या गाभ्याच्याच होत्या. कुकरच वापरायचा तर डब्यात ठेवून, डब्यात पाणी न घालता. सुरी मधोमध सहज गेली पाहिजे. गरम असतानाच सोला आणि यंत्रातून काढा, गार बटाट्याशी झटापट केली की पुन्हा चिकटपणा येतो. मग कढईत मंद आचेवर दोन-तीन मिनिटं परता, वाफ निघून जाऊ द्या. आधी लोणी, ते पूर्ण जिरलं की मगच कडकडीत गरम दूध, थोडं थोडं. गार दुधानं सगळं बसतं.

संत्राबाग

ताई, येवढ्या फंदात काहून पडता? आमच्या इकडं आलू निखाऱ्यात भाजते, सोलते, वरून हिरवी मिर्ची, सांबार, मीठ अन् फल्लीचं कच्चं तेल. झालं भरीत. मामाजीले थेच द्या. हे मॅश म्हंजे साहेबाचं भरीतच होय, बिना मिर्चीचं.

आर्वीकरीण (धागाकर्ती)

संत्राबाग भाऊ, भरीत दिलं होतं हो. खाल्लंही. मग म्हणाले, "थे लग्नातलं कवा करतं?"

काळीमाती

भाऊंचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. निखाऱ्यात भाजलेल्या आलूतलं पाणी उडतं, उकडलेला उलट पाणी पितो. मॅशला कोरडाच चांगला. चुलीत आर असेल तर अर्धे भाजून बघा, थोडा धुराचा वास येईल इतकंच.

आता गोडपणाचं. जानेवारीत आपण बाजारात दोन्हीकडून फसतो. जुना आलू कोल्ड स्टोरेजमधून येतो. तिथं साधारण 2 ते 4 अंशांवर ठेवला की आलू स्वतःच्या स्टार्चची साखर करत जातो. त्यात नासलेलं काही नसतं, पण चव जाते आणि तळला तर लवकर काळपट होतो. आणला असेल तर पोत्यावर, अंधारात, घरातल्या उबेत दोन-तीन आठवडे पडू द्या, बरीचशी साखर कमी होते. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, तिथंही तेच होणार. चिप्सवाले म्हणूनच 10-12 अंशांवर साठवलेला आलू घेतात.

नव्या आलूची गत उलटी. गोड नसतो, पण कोवळा काढलेला असला की स्टार्च कमी आणि पाणी जास्त. अंगठ्यानं साल निघत असेल तर तो रश्शाच्या भाजीचा, मॅशचा नाही. घट्ट, खरबरीत सालीचा, पूर्ण पिकलेला बघून घ्या. जातीचं म्हणाल तर कुफरी चिपसोना मुद्दाम चिप्ससाठी काढलेली, त्यात कोरडा गर जास्त. पुखराज पाणीदार. पण आठवडी बाजारात जात विचारली तर दुकानदार "इंदुरी" म्हणतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघतो.

म्हणून घरची परीक्षा सांगतो. एक वाटी मीठ अकरा वाट्या पाण्यात विरघळवा, त्यात आलू सोडा. बुडला तो पिठूळ, मॅशचा. तरंगला तो चिकणा, भाजीचा. मिठाचं पाणी फेकू नका, त्यातच उद्या परत परीक्षा होते. आणि हिरवट डागाचे आलू घेऊच नका, कडू असतात आणि पोटाला वाईट.

चूलबोळकी

वरच्या रश्शाचं मी सांगते, केटरिंगवाल्याकडे दोन वर्षं कांदेच चिरलेत.

तो भुरा रस्सा म्हणजे मुख्यतः कांदा आणि धीर. चार मोठे कांदे उभे, पातळ चिरून दोन चमचे तुपात मंद आचेवर ठेवा. अर्धा तास तरी. आधी पाणी सोडतात, मग बसतात, मग कडेनं लालसर व्हायला लागतात. तेव्हा घाईनं आच वाढवलीत तर करपून कडू होतील. गुळाच्या रंगावर आले की चमचाभर कणीक भुरभुरा, कच्चा वास जाईपर्यंत परता. आता पाणी. मोठ्या हॉटेलात हाडांचं किंवा भाज्यांचं उकळलेलं पाणी घालतात, तुम्ही तुरीच्या डाळीचं कट घाला, पुरणासाठी गाळतो तसं. मीठ, भरपूर काळी मिरी, दाटसर होऊ द्या. मामाजींचा गाळून घ्या, पोरांचा तसाच.

मामाजींसाठी दुसरं: लसूण बारीक ठेचून तुपात अगदी मऊ करायचा, लाल नाही. गॅस बंद करून त्यात लाल तिखट. भिवापुरी मिरची मिळाली तर रंग बघत राहाल. मधोमध डावानं खळगा करून त्यात ते तूप ओतायचं. आयर्लंडमध्ये दुधात कांद्याची पात उकळून ती मॅशमध्ये कालवतात आणि अशाच खळग्यात लोणी सोडतात, चॅम्प म्हणतात त्याला. तुमच्याकडे पात आहेच. हिरवा भाग बारीक चिरून दुधात दोन मिनिटं उकळला की चावावा लागत नाही.

सोले वाफवून, लसूण-मिरचीबरोबर वाटून पातळ रस्सा केला तर तोही वरून झकास. पोरांना तळलेला कांदा आणि जवसाची चटणी द्या. जवसाची चटणी ऐन वेळी घाला, आधी घातली तर ओल धरते.

पाटावरवंटा

डाळीचं कट! हे मला सुचलं नसतं.

आर्वीकरीण

मंडळी, केलं. सविस्तर सांगते.

मिठाच्या पाण्यात चौदा आलू सोडले, पाचच बुडाले. बाकीचे नऊ टोपल्यात गेले, आज सोले-आलूची भाजी झाली. पाच आलूंचं जेमतेम पाऊण किलो भरलं. सालासकट उकडले, फडक्यात धरून सोलले. पुरणयंत्र होळीशिवाय बाहेर निघत नाही, त्यामुळे आत्याबाईंनी आधी दोनदा धुवायला लावलं. यंत्राखाली आलू असा पडत होता, जसा किसलेला खोबऱ्याचा ढीग, हलका, सुटा. कढईत परतताना इतकी वाफ निघाली की चष्मा पुसावा लागला. तळाला पांढरी साय धरायला लागली तेव्हा लोणी घातलं, घरचं, जरा आंबूस. मला धाकधूक होती, पण आलूत तो आंबूसपणा छान लागतो. दूध पातीसकट उकळलेलं. तार नाही, गुठळी नाही. चमचा फिरवला की रेघ तशीच राहते.

कांद्याला चाळीस मिनिटं लागली. मध्येच लाईन गेली, चुलीवर असल्यामुळे काही बिघडलं नाही. कट गाळलेलं घातलं. लसणाचं तूप खळग्यात ओतलं तेव्हा धाकटा म्हणाला, "आई, पोळा फुटला." (बैलपोळ्याशी त्याचा काय संबंध, देव जाणे.)

मामाजींनी पहिला घास घेतला आणि बोललेच नाहीत. वाटी पुढे केली. दुसऱ्या वाटीनंतर म्हणाले, "नागपूरचं याच्याहून पातळ होतं." आत्याबाईंनी भाषांतर केलं: आवडलं.

आता एक शेवटचं. वाडगाभर उरलंय. सकाळी घट्ट दगड झालं तर काय करू?

चूलबोळकी

बाहेर ठेवू नका, दूध आहे त्यात. फ्रिजमध्ये झाकून. गार झालं की घट्ट होणारच, उद्या दोन चमचे गरम दूध घालून कढईत मंद आचेवर हलवा, येतं बरंचसं. नाहीतर हळद, मिरची, सांबार घालून आलूबोंडे. लोणी आहे म्हणून गोळे मऊ होतील, थोडं बेसन भाजून मिसळा.

आर्वीकरीण

आलूबोंडे केले. तीन फुटले, बाकीचे जमले. मामाजींनी वरचं बेसन सोलून नातवाला दिलं आणि आतलं खाल्लं.