सलग २२ विजय: क्लीव्हलंडवाल्यांनी आशा धरली, चुकलं काय?

डावखुरा

अमेरिकन बेसबॉलमधल्या क्लीव्हलंडच्या (तेव्हाचे इंडियन्स, आताचे गार्डियन्स) २०१७ च्या स्ट्रीकचा, म्हणजे सलग विजयांचा, विषय निघाला की ठरलेलं वाक्य येतं: "२२ जिंकले आणि पहिल्याच सिरीजमध्ये गारद!" (प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत, यांकीजकडून.) मग तेव्हा हुरळलेल्या चाहत्यांची टिंगल. माझं म्हणणं, ते हुरळणं हिशोबाला धरून होतं.

२४ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर. आधी ६९-५६ (विजय-पराभव), नंतर ९१-५६. पण नुसते विजय मोजू नका, रनांचा फरक बघा. एकेका रननं निसटते सामने जिंकणारी टीम नशिबावर चाललेली असते. क्लीव्हलंडनं त्या २२ सामन्यांत १४२ रन काढल्या आणि फक्त ३७ दिल्या. विजयांच्या अपेक्षित प्रमाणाचं नेहमीचं सूत्र लावा: काढलेल्या रनांचा वर्ग, भागिले काढलेल्या आणि दिलेल्या रनांच्या वर्गांची बेरीज. उत्तर ०.९४. म्हणजे २२ पैकी २० ते २१ जिंकायच्याच लायकीचा खेळ. नशिबाचा वाटा जेमतेम सामन्या-दीड सामन्याचा.

तो वाटा कुठला तेही दाखवता येतं. २२ वा सामना, समोर रॉयल्स, नववी म्हणजे शेवटची इनिंग, १-२ पिछाडी, दोन आउट, दोन स्ट्राइक (तिसरा स्ट्राइक म्हणजे तिसरा आउट, आणि खेळ खलास). आपल्या लिंडोरनं डावीकडे मारलेला बॉल रॉयल्सच्या गॉर्डनच्या हाती उडी मारूनही लागला नाही, भिंतीवर आदळला आणि बरोबरी झाली. दहाव्या इनिंगमध्ये जे ब्रूसच्या फटक्यावर ३-२. थोडं इकडेतिकडे झालं असतं तर स्ट्रीक २१ वर थांबली असती. तरी टीम तीच राहिली असती ना?

शंकासुर

सूत्र बरोबर, पण त्यात काय घातलंत ते बघा. २२ पैकी ७ विजय टायगर्सवर आणि ४ व्हाइट सॉक्सवर. टायगर्सनी ३१ ऑगस्टला त्यांचा पिचर (बॉल टाकणारा) व्हरलँडर ह्यूस्टनला देऊन टाकला आणि सीझन ६४-९८ वर संपवला. व्हाइट सॉक्स ६७-९५. दोन्हीकडे भांडी विकायला काढलेली. म्हणजे बरोबर अर्धे विजय मोडक्या टीमवर. रॉयल्सना तीन सामने शून्यावर रोखलं म्हणाल, तर त्यांचे बॅटर त्या आठवड्यात कुणापुढेच रन काढत नव्हते.

दुसरं, सप्टेंबर. तेव्हा १ सप्टेंबरनंतर २५ च्या जागी ४० खेळाडू ठेवायची मुभा होती (२०२० पासून २८). बुलपेनमध्ये (राखीव पिचरांच्या ताफ्यात) जास्तीचे हात असले की आघाडी मोठी असताना मुख्य रिलीव्हरला (बदली पिचरला) बसवून ठेवता येतं. ऑक्टोबरमध्ये परत २५. स्ट्रीक ज्या सोयीवर लांबली ती प्लेऑफला नसतेच.

डावखुरा

मग ते २२ सामने पाटीवरून पुसूनच टाकू. सीझनभरात ८१८ काढल्या, ५६४ दिल्या. स्ट्रीक वजा केली की १४० सामन्यांत ६७६ आणि ५२७. तेच सूत्र, उत्तर ०.६२. या १४० सामन्यांत प्रत्यक्षात ८०-६०, म्हणजे ०.५७. टीम दिसत होती त्यापेक्षा चांगलीच होती. स्ट्रीकमुळे ते लोकांच्या डोळ्यांत भरलं, इतकंच. आणि मोडक्यांची यादी करताना ऑगस्टअखेरीस यांकीजना त्यांच्याच मैदानावर तीनदा हरवलं ते का गाळलंत?

स्कोअरकार्डवाला

दोघंही टीमच्या ताकदीवर भांडताय. घोडं अडतं सिरीजच्या लांबीवर. यांकीजही तगडे होते. प्रत्येक सामन्यात क्लीव्हलंडची संधी ५५% धरा. पाचांची सिरीज जिंकण्याची शक्यता येते ५९%, सातांची ६१%. विजेतेपदासाठी तीन सिरीज (एक पाचांची, दोन सातांच्या) ओळीनं जिंकायच्या तर गुणाकार होऊन २२%. हे आकडे स्ट्रीकमुळे हलत नाहीत.

शिवाय बेसबॉलमध्ये सुरुवातीचा पिचर रोज वेगळा. सीझनमध्ये पाच जणांची पाळी, प्रत्येकाला चार दिवस विश्रांती. प्लेऑफमध्ये ती पाळी आखूड होते आणि तिथंच गडबड झाली. पहिल्या सामन्यात ट्रेव्हर बावरनं ४-० जिंकून दिला. चौथ्याला त्यालाच तीन दिवसांच्या विश्रांतीवर उतरवलं. दुसरी इनिंगही पुरी झाली नाही, त्याच्यावरच्या चारही रन क्षेत्ररक्षणातल्या चुकांमुळे. क्लूबर, त्या वर्षीचा साय यंग (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) विजेता, दुसऱ्या सामन्यात २ इनिंग आणि २ आउट, पाचव्यात ३ आणि २. त्यात बॅटिंगला रामिरेझ २० पैकी २ हिट, लिंडोर १८ पैकी २. पाच दिवस एवढं बिघडायला पुरतात. २-० वरून २-३.

ओहायोकर

भारतीय चाहत्याला हे नव्यानं सांगायला नको. २०२३ चा वर्ल्डकप, सलग दहा, आणि मग अहमदाबाद.

पण स्ट्रीक पुढे चालूच राहते असंही एक उदाहरण आहे. २००७ चे कोलोराडो रॉकीज: ७६-७२ वरून १५ पैकी १४ जिंकले, त्यात पाद्रेसविरुद्धचा १३ इनिंगचा जादा सामना. पुढे प्लेऑफमध्ये सलग ७. एकूण २२ पैकी २१! मग वर्ल्ड सिरीजआधी (अंतिम सिरीज) आठ दिवस रिकामे बसले आणि बोस्टननं ४-० धुतलं.

शंकासुर

@ओहायोकर, ते उदाहरण माझ्याच बाजूचं झालं की. शेवटी काय, ०-४.

ओहायोकर

नाही. ते १४ विजय नसते तर रॉकीज प्लेऑफलाच पोचले नसते. स्ट्रीकची खरी कमाई सीझनच्या तक्त्यात असते. त्यासाठी मॅजिक नंबर (पहिलं स्थान पक्कं व्हायला अजून किती हवं तो आकडा) बघायचा: १६३ (सीझनचे १६२ सामने अधिक एक) वजा आघाडीच्या टीमचे विजय वजा पाठलागातल्या टीमचे पराभव. रोज जिंकलं की किमान एकानं उतरतो, समोरचा हरला तर दोननं. क्लीव्हलंडनं १७ सप्टेंबरला डिव्हिजन (आपला गट) खिशात घातली. तिथपर्यंतची आशा अगदी रोकडी होती. त्यापुढची स्कोअरकार्डवाल्यांच्या २२% ची, आणि १९४८ नंतर वर्ल्ड सिरीज न जिंकलेल्या गावाला २२% कमी वाटत नाहीत.

शंकासुर

२२% मान्य. पण २-० आघाडी असताना चौथ्या सामन्यात बावरला कशाला दामटला? क्लेव्हिंजर सीझनमध्ये पिचर म्हणून १२ विजय नावावर घेऊन बुलपेनमध्ये बसला होता.

स्कोअरकार्डवाला

तेव्हा २-० नव्हतं. तिसरा सामना ०-१ नं गेला होता, यांकीजच्या बर्डचा होम रन आपल्या मिलरच्या बॉलवर. २-१ झाल्यावर पाचवा टाळायची घाई. तरी क्लेव्हिंजरबद्दल तुमच्याशी सहमत; ताज्या हातानं निदान चार इनिंग काढल्या असत्या.